चांद्रयानाचा सांगाडा मंगळाला कसा गेला? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण मंगळयानावर लिहिलं होतं, त्यात एक ओळ होती की मंगळयानाचं डिझाइन चांद्रयान-१ वरूनच घेतलेलं होतं. त्या एका ओळीवर लातूर, बीड, नांदेड, परभणी, वाळूज सगळीकडून पत्रं आन व्हॉट्सॲप मेसेज आलेत. म्हणून ह्या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न (औसा तालुक्यातले एक शेतकरी वाचक): सर, आमच्या ट्रॅक्टरला आम्ही कधी नांगर जोडतो, कधी रोटावेटर, कधी पेरणी यंत्र. ट्रॅक्टर तोच ऱ्हातो. यानाचं पण तसंच हाय का? आन तसं असंल तर मंगळयान नवं कशाला म्हणायचं?

उत्तर: काका, उदाहरण बरोबर जागेवर बसलंय, निदान अर्ध्या वाटेपर्यंत तरी. कोणत्याही यानात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे कॅमेरे, सेन्सर वगैरे उपकरणं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा. आणि दुसरं म्हणजे त्या उपकरणांना तिथपर्यंत नेणारं, वीज देणारं, तोंड बरोबर दिशेला ठेवणारं, तापमान सांभाळणारं आणि घरी फोन लावून देणारं धूड, म्हणजे सांगाडा, इंधनाच्या टाक्या, इंजिन, सौर पॅनल, बॅटरी, कॉम्प्युटर, अँटेना. ह्या दुसऱ्या भागाला इंजिनिअर लोक 'बस' म्हणतात. दरवेळी ही बस शून्यापासून बनवायची म्हणजे वर्षं जातात आणि पैसा जातो, त्यामुळं एकदा उडून आलेली, भरवशाची बस परत परत वापरायची हा विचार अगदी सुरुवातीपासूनचा आहे.

इस्रोचं बघा. १२ सप्टेंबर २००२ ला मेटसॅट नावाचा हवामानाचा सॅटेलाइट सोडला, २००३ मध्ये कल्पना चावलांच्या आठवणीत त्याचं नाव कल्पना-१ ठेवलं. छोटा सॅटेलाइट, साधारण १ टनाचा, पृथ्वीपासून ३६,००० किलोमीटरवर बसून ढगांचे फोटो काढायचा. त्याच बसमध्ये बदल करून चांद्रयान-१ तयार झालं, २२ ऑक्टोबर २००८ ला उडालं, वजन १,३८० किलो. आणि चांद्रयानाच्या अनुभवावर मंगळयान, ५ नोव्हेंबर २०१३, वजन १,३३७ किलो. वजन बघा किती जवळ जवळ आहे, रॉकेट पण दोन्हीला पीएसएलव्हीच. २०२३ ला सूर्याच्या अभ्यासाला गेलेलं आदित्य-एल१ पण ह्याच घराण्यातलं. कॅबिनेटनं मंगळयानाला मंजुरी दिली ऑगस्ट २०१२ मध्ये आणि उड्डाण झालं सव्वा वर्षात, खर्च सगळा मिळून ४५० कोटीच्या आसपास. मंगळाला जायची योग्य वेळ २६ महिन्यांतून एकदाच येते, ती चुकली असती तर थेट २०१६. हाताशी तयार, उडून पाहिलेली बस नसती तर एवढ्या वेळात हे होणं शक्यच नव्हतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता उरलेली अर्धी वाट. तुमचा ट्रॅक्टर औशात चालतो तसाच निलंग्यात चालतो, पण कल्पना-१ च्या जागी आणि चंद्राच्या जागी लई फरक आहे. चांद्रयान-१ चंद्रापासून फक्त १०० किलोमीटरवर फिरत होतं, तिथं वरून सूर्य तापवतो आणि खालून तापलेला चंद्र. नोव्हेंबर २००८ मध्येच आतलं तापमान ५० अंशापर्यंत गेलं, मग यान २० अंशांनी फिरवलं, काही उपकरणं बंद ठेवली. पुढं ताऱ्यांवरून दिशा ओळखणारे स्टार सेन्सर गेले आणि मे २००९ मध्ये कक्षा १०० वरून २०० किलोमीटरवर न्यावी लागली. ऑगस्ट २००९ अखेर संपर्क तुटला. तरी तोवर चंद्रावर पाण्याचे पुरावे मिळालेले होते, म्हणून ते मिशन मी यशस्वीच मानतो.

मंगळयानासाठी काय बदललं ते महत्त्वाचं. सौर पॅनल वाढवले कारण मंगळाजवळ ऊन पृथ्वीच्या निम्म्याहून कमी मिळतं. सव्वादोन मीटरच्या आसपासची डिश अँटेना लावली. तिथून सिग्नल यायला कित्येक मिनिटं लागतात त्यामुळं काही बिघडलं तर बंगळुरूला विचारत बसता येत नाही, यानालाच स्वतः निर्णय घेता यायला पाहिजे, तसं सॉफ्टवेअर केलं. आणि सगळ्यात मोठी भीती इंजिनाची. चंद्राला जाताना इंजिन दर थोड्या दिवसांनी चालतं, मंगळाला जाताना मात्र ते जवळपास ३०० दिवस बंद राहून मग एकदम पहिल्या झटक्यात चालू झालं पाहिजे. ३०० दिवस इंधनाच्या वाफा आणि झडपा एकमेकांशी काय करतील ह्याचा धोका होता म्हणून इंधनाची दुसरी समांतर लाइन आणि जास्तीच्या झडपा बसवल्या. २२ सप्टेंबर २०१४ ला जवळपास ४ सेकंद चालवून पाहिलं आणि २४ तारखेला २४ मिनिटं चाललं, त्यातला काही वेळ तर यान मंगळाच्या मागं होतं, काहीच दिसत नव्हतं. तेव्हा काका, मंगळयान नवं होतं, शंभर टक्के. जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही हे कळायलाच खरी अक्कल लागते आणि आपल्या लोकांनी ती दाखवली.

प्रश्न (नांदेडचा मेकॅनिकलचा विद्यार्थी): दादा, इस्रोनं एवढ्या स्वस्तात केलं तर नासा असं का करत नाही? त्यांच्याकडं तर पैसा पण आहे आणि अनुभव पण.

उत्तर: केलं ना, आणि दोनदा फार मोठ्या प्रमाणात ठरवून केलं. दोन्ही वेळा काय झालं ते ऐकण्यासारखं आहे म्हणून जरा लांब लिहितो.

१९८० च्या दशकात नासाचं बजेट आटलेलं होतं. १९७७ ला व्हॉयेजर गेली, त्यानंतर ग्रहांकडं जाणारी मोठी मिशन कमी होत गेलेली. तेव्हा ठरलं की एकेक यान वेगळं बनवायचं बंद करू, दोन घराणी तयार करू. जवळच्या ग्रहांसाठी प्लॅनेटरी ऑब्झर्व्हर आणि लांबच्या ग्रहांसाठी, धूमकेतूंसाठी मरिनर मार्क २.

पहिल्याची आयडिया आपल्या कल्पना-१ सारखीच, की पृथ्वीभोवती फिरणाऱ्या सॅटेलाइटची डिझाइन उचलायची. त्यातलं पहिलं यान मार्स ऑब्झर्व्हर, २५ सप्टेंबर १९९२ ला निघालं. ११ महिने प्रवास केला आणि २१ ऑगस्ट १९९३ ला, मंगळाच्या कक्षेत शिरायच्या ३ दिवस आधी, इंधनाच्या टाक्यांत दाब भरायची तयारी चालू असताना गप्प झालं ते कायमचं. चौकशी समितीनं सगळ्यात शक्य कारण सांगितलं ते असं की लांबच्या प्रवासात ऑक्सिडायझरची, म्हणजे इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणाऱ्या रसायनाची वाफ झडपांतून गळत गळत पाइपात साठली, दाब भरताना ती इंधनाला भेटली आणि पाइप फुटला. पृथ्वीभोवतीच्या सॅटेलाइटमध्ये हे इंजिन उड्डाणानंतर थोड्याच दिवसांत वापरून होतं, त्यामुळं तिथं हा प्रश्नच येत नाही. ११ महिने वाट बघायला लागली आणि जुन्या डिझाइनवरचा भरवसा नडला. समितीनं हे पण लिहिलं की पृथ्वीजवळच्या मिशनच्या वारशावर गरजेपेक्षा जास्त विसंबून राहिले. आता वर मी मंगळयानाच्या समांतर लाइनबद्दल का एवढं लिहिलं ते लक्षात येईल. ८१ कोटी डॉलरचं यान गेलं आणि ते घराणं तिथंच संपलं, दुसरं यान बनलंच नाही. उपकरणांच्या दुसऱ्या प्रती मात्र पुढं मार्स ग्लोबल सर्व्हेयर, मार्स ओडिसी अशा छोट्या यानांवर वाटून पाठवल्या.

मरिनर मार्क २ ची गोष्ट मला जास्त लागते. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचा, म्हणजे जेपीएलचा हा प्लॅन. एक कॉमन यान, त्याची तीच बस, तीच मोठी अँटेना, त्याच अणुबॅटऱ्या, उपकरणं हव्या त्या दिशेला फिरवणारा हलता प्लॅटफॉर्म पण तोच. पहिल्या दोन मिशन म्हणजे क्राफ आणि कॅसिनी. क्राफ एका लघुग्रहाजवळून जाऊन कोप्फ नावाच्या धूमकेतूसोबत सूर्याभोवती फिरणार होतं, कॅसिनी शनीला. त्यानंतर अजून बऱ्याच. हिशोब सोपा होता, डिझाइनचा खर्च पहिल्या एक-दोन यानांवर आणि पुढची स्वस्तात.

पण हा हिशोब पुढची यानं आली तरच जमतो. दरवर्षी बजेटला कात्री लागत गेली, तारखा सरकत गेल्या आणि १९९२ ला क्राफ रद्द केलं, कॅसिनी वाचवायला. आता घराण्यात उरलं एकच यान. मग कॅसिनीचं पण वजन आणि खर्च उतरवला आणि तो हलता प्लॅटफॉर्म काढून टाकला, उपकरणं थेट यानाच्या अंगाला बोल्टनं बसवली. परिणाम असा की कॅमेरा शनीच्या कड्यांकडं करायचा तर निघताना साडेपाच टनांहून जास्त भरलेलं अख्खं यान वळवायचं, आणि फोटो पृथ्वीवर पाठवायचे तर परत पूर्ण वळवून अँटेना आपल्याकडं करायची, दोन्ही एकदम नाही. कॅमेऱ्याच्या टीमला एका दिशेला बघायचंय, इन्फ्रारेडवाल्यांना दुसऱ्या, कणांचा अभ्यास करणाऱ्यांना तिसऱ्या, त्यामुळं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक लावत बसायला लागायचं, १३ वर्षं! म्हणजे बनवताना वाचवलेला पैसा चालवताना थोडाथोडा परत द्यावा लागला.

तरी कॅसिनीनं काय दिलं ते बघा. १५ ऑक्टोबर १९९७ ला निघालं, जुलै २००४ ला शनीला पोचलं, सोबत नेलेलं युरोपचं ह्युजेन्स १४ जानेवारी २००५ ला शनीच्या टायटन ह्या चंद्रावर उतरलं, एन्सेलाडस ह्या दुसऱ्या चंद्राच्या दक्षिण ध्रुवातून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फाचे फवारे उडताना दिसले, आणि १५ सप्टेंबर २०१७ ला मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून संपवलं. मालिकेसाठी बनवलेलं डिझाइन आणि मालिकेतलं एकच यान उडालं. क्राफ उडालं असतं तर धूमकेतूसोबत फिरायचं काम, जे युरोपच्या रोझेटानं २०१४ ला केलं, ते कदाचित आधीच झालं असतं. मला अजून वाटतं की ते रद्द करायला नको होतं.

तर दोस्ता, नासाला अक्कल नव्हती असं नाही. कॉमन डिझाइन चालायला दोन गोष्टी लागतात, कामं खरंच एकसारखी पाहिजेत आणि पैसा शेवटपर्यंत पाहिजे. मार्स ऑब्झर्व्हरमध्ये पहिली नव्हती, मार्क २ मध्ये दुसरी.

प्रश्न (बीडहून एक शिक्षिका): मुलं वर्गात विचारायलेत की मंगळाला जाणारं यान शुक्राला पाठवलं तर चालेल का? मी म्हणलं तिथं ऊन जास्त. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर: मॅडम, ऊन हाच मुख्य मुद्दा आहे, तुम्ही बरोबर सांगितलं. शुक्राजवळ मंगळाच्या साधारण चौपट ऊन पडतं. आणि मुलांना सांगा की हे खरंच केलेलं आहे, दोन उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण १९६७ चं. मरिनर ४ हे १९६५ ला मंगळाजवळून गेलेलं पहिलं यशस्वी यान, त्याचं एक जास्तीचं यान तयार होतं. मरिनर ४ नं काम फत्ते केल्यावर ते पडून ठेवण्यापेक्षा त्याला शुक्राला पाठवलं, मरिनर ५ म्हणून. टीव्ही कॅमेरा काढला, सौर पॅनल छोटे केले आणि उलटे बसवले, उष्णतेपासून जास्तीचं संरक्षण दिलं. १९ ऑक्टोबर १९६७ ला शुक्रापासून सुमारे ४,००० किलोमीटरवरून गेलं.

दुसरं उदाहरण युरोपचं. २ जून २००३ ला मार्स एक्सप्रेस गेलं, आणि त्याच डिझाइनवर ९ नोव्हेंबर २००५ ला व्हीनस एक्सप्रेस. दोघांचे फोटो मुलांना शेजारी शेजारी ठेवून दाखवा, मजा येईल त्यांना, मंगळाच्या यानाचं आवरण काळं आहे उष्णता धरून ठेवायला आणि शुक्राच्या यानाचं सोनेरी आहे ऊन परत फेकायला. सौर पॅनल पण शुक्राच्या यानाला जवळपास निम्मेच. अजून एक गोष्ट लक्षात येत नाही पटकन, शुक्रावरून बघितलं तर पृथ्वी कधी सूर्याच्या बाजूला असते कधी विरुद्ध बाजूला, आणि यानाची थंड ठेवायची बाजू तर सूर्याकडं करता येत नाही. म्हणून दुसरी छोटी डिश वेगळ्या बाजूला बसवली. उपकरणं पण बरीचशी मार्स एक्सप्रेस आणि रोझेटाच्या उपकरणांच्या धर्तीवरची किंवा त्यांच्या स्पेअरमधून केलेली. त्यातला पीएफएस नावाचा स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचं पृथक्करण करणारं उपकरण, मंगळाजवळ नीट चालला आणि शुक्राकडं जाताना त्याचा आरसाच अडकला, शेवटपर्यंत सुटला नाही. बाकी यान मात्र २०१४ अखेरपर्यंत चाललं.

प्रश्न (परभणी): एकच डिझाइन सगळीकडं वापरलं आणि त्यातच चूक असली तर सगळीच यानं जातील की!

उत्तर: हो, जातात. सोव्हिएत युनियननं १९७३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये एकामागं एक ४ यानं मंगळाला सोडली, मार्स ४, ५, ६ आणि ७. चारही एकाच घराण्यातली. त्यांच्यात एक ठराविक ट्रान्झिस्टर होता, ज्यात सोन्याऐवजी ॲल्युमिनियम वापरलेलं, ते काही महिन्यांत खराब व्हायचं. हे उड्डाणाआधी कळलं होतं, पण सगळे बदलायचे तर वेळ निघून जाणार म्हणून तशीच सोडली. मार्स ४ ला कक्षेत शिरता आलं नाही, मार्स ५ कक्षेत गेलं पण थोडेच दिवस टिकलं, मार्स ६ चा लँडर उतरता उतरता गप्प झाला आणि मार्स ७ चा लँडर तर मंगळाला चुकवून बाजूनं निघून गेला. वाचताना आजही वाईट वाटतं.

पण उलटं पण होतं. डिसेंबर १९९९ ला नासाचं मार्स पोलर लँडर उतरताना हरवलं. तपासात सगळ्यात शक्य कारण असं निघालं की पाय उघडताना बसलेल्या झटक्याला कॉम्प्युटर 'जमिनीला टेकलो' समजला आणि इंजिन वरच बंद झालं. त्याच डिझाइनचा २००१ साठीचा लँडर तोवर बनत आलेला होता, ते मिशन थांबवलं, लँडर कपाटात ठेवल्यासारखा सांभाळून ठेवला आणि नंतर एकेक दोष शोधून दुरुस्त करून फिनिक्स नावानं पाठवला. २५ मे २००८ ला मंगळाच्या उत्तर भागात नीट उतरला. मग त्याच डिझाइनवर इनसाइट, नोव्हेंबर २०१८. आपल्या विक्रम लँडरचं पण हेच ना, २०१९ ला पडला, त्यातनं शिकून पाय मजबूत केले, ५ इंजिनांची ४ केली, इंधन वाढवलं, वेग मोजायला नवा लेझर सेन्सर लावला आणि २३ ऑगस्ट २०२३ ला उतरवलाच. पूर्ण नवीन डिझाइन केलं असतं तर चुका पण नवीन झाल्या असत्या.

प्रश्न (वाळूज एमआयडीसीतले एक फिटर): स्पेअर पार्ट जोडून अख्खं यान बनवलं असं ऐकलं. खरं का?

उत्तर: बऱ्यापैकी खरं. शुक्राचा रडारनं नकाशा काढणारं मॅजेलन, मे १९८९ ला गेलेलं. त्याची ३.७ मीटरची मोठी डिश आणि दहा बाजूंचा मधला सांगाडा व्हॉयेजरच्या स्पेअरमधला, कॉम्प्युटर गुरूच्या गॅलिलिओ यानाच्या स्पेअरमधले, मध्यम ताकदीची अँटेना मंगळाच्या मरिनर ९ ची, आणि रडार मात्र खास नवीन. ढगांच्या खाली दडलेल्या शुक्राच्या ९८ टक्के जमिनीचा नकाशा ह्या जोडाजोडीच्या यानानं काढला.

प्रश्न (अंबाजोगाईहून एक पालक): मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिला अशी यानं बनवायची आहेत. काय करावं?

उत्तर: ताई, पहिलं तिला हे सांगा की बसवर काम करणारे लोक सगळ्या शाखांचे असतात, सांगाडा मेकॅनिकलवाले, वीज आणि सिग्नल इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाले, स्वतः निर्णय घेणारं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवाले, आणि तापमान सांभाळणारे लोक वेगळेच. त्यामुळं 'एरोस्पेसच पाहिजे' असा हट्ट नको. तिरुअनंतपुरमला अंतराळ विभागाची आयआयएसटी ही संस्था आहे, तिथं बीटेकला जेईई ॲडव्हान्स्डच्या रँकवर प्रवेश मिळतो. तिथं नाही झालं तरी चांगल्या कॉलेजातून बीई करून, मार्क चांगले ठेवून, इस्रोची इंजिनिअरची भरती निघते तिचा फॉर्म भरता येतो. सॅटेलाइट आणि यानं मुख्यतः बंगळुरूच्या यू. आर. राव सॅटेलाइट सेंटरमध्ये बनतात. आणि घरात धाकटं कोणी आयटीआय करत असेल तर त्याला पण सांगून ठेवा, फिटर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक अशा ट्रेडच्या टेक्निशियनची भरती इस्रोच्या सेंटरांमध्ये निघत असते, जाहिराती इस्रोच्या वेबसाइटवर येतात.